विश्लेषण : जन्म स्वित्झर्लंडमधला, पदक भारताचे! परमवीर चक्र साकारणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर कोण होत्या?

देश स्वतंत्र झाला, काश्मीरमध्ये जवान धारातीर्थी पडू लागले, पण त्यांच्या शौर्याला देण्यासाठी स्वतंत्र भारताचे एकही पदक नव्हते. ही उणीव भरून काढणाऱ्या महिलेची ही कहाणी.

२६ जानेवारी. गुहागरसारख्या कोकणातल्या तालुक्याच्या गावी सकाळी झेंडावंदन उरकून मुले घरी येतात, तोवर टीव्हीवर दिल्लीचे संचलन सुरू झालेले असते. कर्तव्य पथावर संचलनाच्या अगदी पुढच्या भागात उघड्या जीपमधून परमवीर चक्राचे हयात मानकरी जातात. त्यांच्या छातीवर जांभळ्या फितीला लटकलेले छोटे, गोल, काशाच्या रंगाचे पदक असते. राष्ट्रपतींना मानवंदना देऊन ते पुढे सरकतात.

हे पदक कोणी साकारले, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हमखास असतो. उत्तर एका ओळीचे असते : सावित्रीबाई खानोलकर. नाव वाचून वाटते, असतील कोणी कोकणातल्या बाई. पण या सावित्रीबाईंचे माहेर होते स्वित्झर्लंड. वडील हंगेरीचे, आई रशियन. लग्नाआधीचे नाव इव्ह इव्होन माडाय डी मारोस. युरोपात जन्मलेल्या या मुलीकडे भारताच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे काम कसे आले आणि तिने त्यात नेमके काय घडवले, ते समजून घेऊ.

नव्या देशाला नवी चिन्हे का लागतात?

सत्ता हाती आली की लगेच काही गोष्टी ठरवाव्या लागतात. कचेरीवर कोणता झेंडा लावायचा? सरकारी कागदावर कोणाची मुद्रा उमटवायची? सैनिकाच्या छातीवर काय लावायचे? जुन्या राज्यकर्त्यांची चिन्हे तशीच ठेवली, तर राज्य बदलले हे लोकांना पटणार कसे?

आफ्रिकेतला घाना ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला. त्याचा लाल, पिवळा आणि हिरवा, मधोमध काळा तारा असलेला ध्वज थिओडोसिया ओको या शिक्षिकेने रेखाटला, तर देशाची राजमुद्रा अमोन कोटेई या चित्रकाराने. पुढे आफ्रिकेतल्या अनेक नव्या देशांनी तेच रंग आपल्या ध्वजात घेतले.

भारतात हे काम दहा वर्षे आधी सुरू झाले होते. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा स्वीकारला. सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंह २६ जानेवारी १९५० रोजी राजमुद्रेवर आले. संविधानाची मूळ प्रत नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रांनी सजवली. याच काळात एक काम तुलनेने गाजावाजा न होता पार पडले. ते होते शौर्यपदकांचे.

आधीची पदके चालली नसती का?

ब्रिटिश काळात सर्वोच्च शौर्यपदक होते व्हिक्टोरिया क्रॉस. १८५६ मध्ये राणी व्हिक्टोरियाने ते सुरू केले. भारतीय सैनिकांना ते मिळू लागण्यासाठी १९११ साल उजाडावे लागले. दुसऱ्या महायुद्धात मराठी मुलखातल्या जवानांनीही ते मिळवले. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीत लढताना शहीद झाले, त्यांना ते मरणोत्तर देण्यात आले. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये इटलीतल्याच लढाईसाठी ते मिळाले.

सैनिक इथल्या मातीतले, शौर्य त्यांचे. पदकावर मात्र ब्रिटिश मुकुट आणि सिंह, आणि पदकाचा आकार क्रॉसचा.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर तर वेगळाच पेच उभा राहिला. प्रजासत्ताक होईपर्यंत भारत हे ब्रिटिश राष्ट्रकुलातील अधिराज्य होते आणि पाकिस्तानही तसेच. म्हणजे औपचारिकदृष्ट्या दोन्ही देशांचा राजा एकच, सहावा जॉर्ज. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरमध्ये लढाईला तोंड फुटले. एकाच राजाच्या नावाखालच्या दोन देशांत संघर्ष पेटला असताना, त्या राजाचे शौर्यपदक कोणाला द्यायचे आणि कोणाविरुद्ध लढल्याबद्दल द्यायचे?

स्वतःची पदके हवीत, हे स्पष्ट होते. ती तयार करण्याची जबाबदारी आली मेजर जनरल हिरालाल अटल यांच्यावर. ते स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय अ‍ॅडज्युटंट जनरल होते. लष्करातील मनुष्यबळ, शिस्त, कल्याण आणि सन्मान या बाबी या पदाच्या अखत्यारीत येतात. पदकांची नावे आणि कल्पना अटल यांनी हाती घेतल्या. आराखड्यासाठी मात्र त्यांना असे कोणी हवे होते, ज्याला चित्रकला येते आणि भारतीय पुराणकथाही मुखोद्गत आहेत. त्यांना ओळखीतले एक नाव आठवले, एका सहकारी लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीचे.

इव्ह माडाय डी मारोस कोण होती?

इव्हचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या न्यूशाटेल या गावी झाला. वडील आंद्रे डी माडाय जिनिव्हा विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. जिनिव्हाच्या समाजशास्त्र संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, शिवाय ते राष्ट्रसंघाचे ग्रंथपालही होते. आई मार्था हेन्झेल्ट या जिनिव्हातल्या रूसो संस्थेत शिकवत. बालशिक्षणाच्या नव्या पद्धतींसाठी ही संस्था जगभर ओळखली जाते.

इव्हचे बालपण जिनिव्हात गेले. पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा युद्ध होऊ नये म्हणून स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाचे हे मुख्यालयाचे शहर. देशोदेशीचे लोक तिथे ये-जा करत. घरात पुस्तकांचा राबता. आईवडील दोघेही शिकवणारे आणि दोघेही मूळचे परदेशातले. माणूस जिथे जन्मला त्यापेक्षा वेगळ्या देशात राहतो, वेगळी भाषा बोलतो, यात या मुलीला नवल वाटण्यासारखे काही नव्हते. निसर्गाची, मोकळ्या हवेत हिंडण्याची तिला आवड होती आणि वाचनाचीही. भारताविषयीची ओढ याच वयात निर्माण झाली.

खानोलकरांशी गाठ कशी पडली?

१९२९ च्या सुरुवातीची गोष्ट. विक्रम रामजी खानोलकर हे मराठी तरुण तेव्हा इंग्लंडमध्ये सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी कॉलेजात शिकत होते. डेहराडूनची भारतीय लष्करी अकादमी सुरू झाली १९३२ मध्ये. त्याआधी अधिकारी व्हायचे तर इंग्लंडला जावे लागे आणि भारतीयांसाठी तिथल्या जागाही मोजक्याच असत.

सुट्टीत विक्रम स्वित्झर्लंडला आले होते. तिथे त्यांची इव्हशी भेट झाली. ती तेव्हा सोळा वर्षांचीही नव्हती, ते तिच्याहून बरेच मोठे. ओळख वाढली, पत्रव्यवहार सुरू झाला. मुलीने इतक्या दूरच्या, अनोळखी देशात जावे हे वडिलांना मान्य नव्हते. विक्रम सैन्यात दाखल होण्यासाठी भारतात परतले. इथे ही गोष्ट संपली असती, तर कोणालाही आश्चर्य वाटले नसते.

पण काही वर्षांनी इव्ह भारतात आली. १९३२ मध्ये लखनौ येथे दोघांचा विवाह झाला. तिने हिंदू धर्म स्वीकारला आणि ती सावित्री विक्रम खानोलकर झाली. वय होते अवघे १८-१९ वर्षांचे.

खानोलकर हे आडनाव अस्सल कोकणी वळणाचे. गुहागरचा तो गुहागरकर, तसा खानोलीचा तो खानोलकर. खानोली हे गाव आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ले तालुक्यात आहे. सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत, म्हणजे १९८१ पर्यंत, हा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. जिनिव्हात वाढलेल्या मुलीला लग्नाने मिळालेले नाव असे तळकोकणातल्या एका गावाशी जोडलेले होते.

इव्हची सावित्रीबाई कशी झाली?

नाव बदलले म्हणून माणूस बदलतोच असे नाही. त्या काळी छावणीतले वातावरण बहुतांशी इंग्रजी वळणाचे असे. क्लब, मेजवान्या, इंग्रजी शिष्टाचार. युरोपियन पत्नीला त्या जगात राहणे सोपे होते. सावित्रीबाईंनी दुसरी वाट धरली. त्या साडी नेसू लागल्या. मांसाहार सोडला. मराठी, हिंदी आणि संस्कृत शिकल्या, आणि शिकल्या त्या अस्खलित बोलण्याइतक्या.

विक्रम यांची बदली पाटण्याला झाली, तेव्हा त्यांनी पाटणा विद्यापीठात प्रवेश घेतला. संस्कृत नाटक, वेद आणि उपनिषदांचा अभ्यास केला. रामकृष्ण मिशनच्या संन्याशांची प्रवचने त्या ऐकत. चित्रकला, संगीत यांच्याबरोबरच नृत्यही शिकल्या. नृत्यात त्यांचे गुरू होते उदय शंकर, भारतीय नृत्य युरोप-अमेरिकेच्या रंगमंचावर नेणारे विख्यात कलावंत.

आपण चुकून युरोपात जन्मलो, आपला पिंड भारतीयच आहे, अशी त्यांची ठाम भावना होती. कोणी परदेशी म्हटलेले त्यांना अजिबात खपत नसे. कुमुदिनी आणि मृणालिनी या दोन मुली झाल्या.

आयुष्यात पुढे उपयोगी पडेल म्हणून त्यांनी हा अभ्यास केलेला नव्हता. पण मेजर जनरल अटल यांना नेमक्या याच गोष्टी हव्या होत्या : चित्र काढणारा हात आणि पुराणकथांचा अर्थ जाणणारे मन.

परमवीर चक्रासाठी दधीचींचीच कथा का?

सर्वोच्च शौर्याचे प्रतीक निवडायचे तर आपल्या पुराणांत योद्ध्यांची वाण नाही. अर्जुन आहे, भीम आहे, अभिमन्यू आहे. शस्त्रेही भरपूर आहेत. सावित्रीबाईंना आठवले ते दधीची. ते योद्धा नव्हते, राजा नव्हते. ते होते ऋषी.

कथा अशी. वृत्रासुराने देवांना जेरीस आणले होते. कोणत्याही साध्या शस्त्राने तो मरणार नव्हता. त्याला मारायचे तर दधीची ऋषींच्या अस्थींपासून केलेले शस्त्रच लागणार होते. देव त्यांच्या आश्रमात आले. मागणे असे की ते तोंडावर आणणेही अवघड. दधीचींनी मात्र देह सोडला. त्यांच्या अस्थींपासून वज्र घडवले गेले आणि ते हाती घेऊन इंद्राने वृत्राचा वध केला.

या कथेत वृत्राला मारतो इंद्र, पण ज्याच्यामुळे विजय शक्य झाला तो रणांगणावर नसतोच. त्याने आपला देह आधीच दिलेला असतो. सर्वोच्च शौर्यपदकावर वज्र आणून सावित्रीबाईंनी एक गोष्ट ठरवून टाकली. या देशात शौर्याचे माप, किती शत्रू मारले यावरून ठरणार नाही. दुसऱ्यांसाठी स्वतःचे काय दिले, यावरून ते ठरेल.

आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळाले आहे. त्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले. दर तीन मानकऱ्यांपैकी दोघांच्या बाबतीत दधीचींची कथा अशी अक्षरशः खरी ठरली आहे.

पदकावर नेमके काय आहे?

परमवीर चक्र गोल आहे. व्यास १ पूर्णांक ३/८ इंच, म्हणजे साधारण साडेतीन सेंटिमीटर. धातू आहे कांस्य. मधोमध राजमुद्रा, म्हणजे सारनाथचे सिंह, आणि तिच्या भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. मागच्या बाजूला परमवीर चक्र हे शब्द हिंदी आणि इंग्रजीत, आणि दोन्हींच्या मध्ये दोन कमळे. पदक फिरत्या आडव्या पट्टीला जोडलेले असते. फीत ३२ मिलिमीटर रुंद, साध्या जांभळ्या रंगाची, तिच्यावर एकही रेघ नाही. कोणाला हे पदक दुसऱ्यांदा मिळाले तर नवे पदक न देता फितीवर एक पट्टी लावायची आणि तिच्यावरही वज्राचीच छोटी प्रतिकृती, अशी तरतूद आहे. आजवर तशी वेळ आलेली नाही.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या संदेशांत अनेकदा सांगितले जाते, की वज्राच्या दोन्ही बाजूंना छत्रपती शिवाजी महाराजांची भवानी तलवार आहे. मराठी मनाला सुखावणारी अशी ही माहिती. पदकाच्या अधिकृत वर्णनात मात्र राजमुद्रा आणि चार वज्रे एवढाच उल्लेख आहे.

धातूकडेही लक्ष द्यायला हवे. युद्धकाळातील तीन पदकांमध्ये परमवीर चक्र सर्वांत वरचे, पण ते कांस्याचे आहे. त्याखालची महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदके चांदीची आहेत. सर्वोच्च पदक सर्वांत साध्या धातूचे आणि सर्वांत साध्या फितीचे. व्हिक्टोरिया क्रॉसही कांस्याचाच होता. दिसायला दिमाखदार नसले, तरी सैन्यात या पदकाला मिळणारा मान दुसऱ्या कशालाच नाही.

इतर पदकेही त्यांचीच का?

महावीर चक्र आणि वीर चक्र यांच्या रचनेचे श्रेयही सावित्रीबाईंनाच दिले जाते. महावीर चक्रावर पाच टोकांचा तारा असून त्याच्या मध्यभागी सोनेरी राजमुद्रा आहे; फीत अर्धी पांढरी आणि अर्धी केशरी. वीर चक्रावरही पाच टोकांचा तारा आहे, पण त्याच्या मध्यभागी अशोकचक्र आणि त्यावर राजमुद्रा. फीत अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी.

ही तिन्ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे देश प्रजासत्ताक झाला त्याच दिवशी सुरू झाली. मात्र ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू असल्याचे मानले गेले. या तरतुदीमुळेच काश्मीरच्या पहिल्या युद्धातल्या वीरांना ती देता आली.

प्रत्यक्ष शत्रूसमोरच्या लढाईव्यतिरिक्त दाखवलेल्या शौर्यासाठी १९५२ मध्ये अशोक चक्राच्या तीन श्रेणी सुरू झाल्या. १९६७ मध्ये त्यांना अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी नावे मिळाली. ही मालिका आणि १९४७ चे सामान्य सेवा पदक यांच्या आराखड्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते.

पहिले परमवीर चक्र कोणाला?

पदकाचे पहिले मानकरी ठरले कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे मेजर सोमनाथ शर्मा. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैन्य विमानाने श्रीनगरला उतरू लागले. श्रीनगरचा विमानतळ गेला असता, तर कुमक पोहोचणेच थांबले असते. ३ नोव्हेंबर रोजी विमानतळाजवळच्या बडगाम गावात शर्मांच्या तुकडीवर कित्येक पटींनी मोठ्या टोळीने हल्ला चढवला.

शर्मांचा डावा हात हॉकी खेळताना जखमी होऊन प्लास्टरमध्ये होता. तरीही त्यांनी आघाडीवर जाण्याचा हट्ट धरलेला. एका हाताने ते जवानांना काडतुसे भरून देत होते. तेवढ्यात शेजारी तोफगोळा फुटला आणि ते शहीद झाले. तुकडीने तासन् तास तग धरला, शत्रूची चाल रोखली गेली आणि विमानतळ वाचला. तेव्हा त्यांचे वय होते २४ वर्षे.

परमवीर चक्र अस्तित्वात आले, त्याच्या दोन वर्षांहून अधिक काळ आधी त्याच्या पहिल्या मानकऱ्याने प्राण दिले होते. आणि हे पदक सावित्रीबाईंच्या नात्यातच गेले. सोमनाथ यांचे भाऊ सुरिंदरनाथ शर्मा हे सावित्रीबाईंचे जावई, थोरली मुलगी कुमुदिनी यांचे पती. सुरिंदरनाथ पुढे लेफ्टनंट जनरल झाले. आणखी एक भाऊ विश्वनाथ शर्मा १९८८ ते १९९० या काळात भारताचे लष्करप्रमुख होते.

आराखडा करताना ज्या त्यागाची कल्पना सावित्रीबाईंनी पुराणातून उचलली होती, तिला आता मुलीच्या सासरचा चेहरा होता.

कोकण किनाऱ्याचे मानकरी कोण?

त्याच युद्धातील दुसरे एक नाव कोकणपट्टीला जवळचे आहे. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे. राणे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सैन्यासाठी रस्ते मोकळे करणाऱ्या, सुरुंग काढणाऱ्या अभियंता दलाचे अधिकारी.

एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या वाटेवर शत्रूने जागोजागी सुरुंग पेरले होते, झाडे आडवी टाकली होती. रणगाडे पुढे जाईनात. ८ एप्रिलला राणे जखमी झाले, तरी त्यांनी माघारी जायला नकार दिला. ११ एप्रिलपर्यंत, गोळीबार अंगावर घेत, त्यांनी सुरुंग काढून रस्ता मोकळा केला. कधी तर रणगाड्याच्या खाली सरपटत जाऊन. सैन्य राजौरीला पोहोचले. राणे या कामगिरीतून जिवंत परतले आणि परमवीर चक्राचे हयात मानकरी ठरले.

राणे यांनी जे केले त्यात शत्रूला मारणे हा भाग जवळपास नव्हताच. मागून येणाऱ्यांसाठी वाट करून देणे, एवढेच काम होते. दधीचींच्या कथेशी हे अगदी जुळणारे आहे. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर आज त्यांचा पुतळा उभा आहे.

हे पदक आफ्रिकेत कसे पोहोचले?

नव्याने स्वतंत्र झालेल्या भारताचे हे पदक एकदा नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशातल्या कामगिरीसाठीही दिले गेले. काँगो ३० जून १९६० रोजी बेल्जियमपासून स्वतंत्र झाला आणि लगोलग तिथे यादवी माजली. कटांगा प्रांताने फुटून निघण्याचा पवित्रा घेतला. संयुक्त राष्ट्रांनी शांतिसेना पाठवली, तीत भारतीय जवानही होते.

५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल शहरात पहिल्या गोरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी अवघ्या १६ जवानांसह, सुमारे ९० जणांच्या सशस्त्र तुकडीवर चाल केली. शांतिसेनेचा रस्ता मोकळा झाला, पण सलारिया यांना वीरमरण आले. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेसाठी परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव सैनिक. जिनिव्हात, राष्ट्रसंघाच्या ग्रंथपालाच्या घरी वाढलेल्या बाईने रेखाटलेले पदक, त्याच राष्ट्रसंघाची जागा घेणाऱ्या संस्थेच्या मोहिमेत लढलेल्या जवानाला मिळाले.

सावित्रीबाईंचे पुढचे आयुष्य कसे गेले?

पदके सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. १९५२ मध्ये विक्रम खानोलकर यांचे निधन झाले. ते तेव्हा मेजर जनरल होते. सावित्रीबाईंनी तेव्हा चाळिशीही ओलांडलेली नव्हती. ज्याच्यासाठी देश, धर्म, नाव, भाषा सारे बदलले, तोच आता नव्हता.

माहेरी परतण्याचा मार्ग मोकळा होता. त्या परतल्या नाहीत. भारत त्यांनी नवऱ्यासाठी स्वीकारला होता की स्वतःसाठी, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पुढच्या ३८ वर्षांनी दिले.

फाळणीत घरदार गमावून आलेल्या निर्वासितांसाठी आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी त्या आधीपासून काम करत होत्या. ते काम त्यांनी चालू ठेवले. मनाला आधार शोधला अध्यात्मात. पाटण्यापासून ज्यांची ओळख झाली होती, त्या रामकृष्ण मठाच्या वाटेने त्या गेल्या. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत ‘सेंट्स ऑफ महाराष्ट्र’ हे पुस्तक लिहिले. ते भारतीय विद्या भवनने प्रकाशित केले. संस्कृत नावांचा एक कोशही त्यांच्या नावावर आहे. मराठी ज्यांची मातृभाषा नव्हती, त्यांनी मराठी संतांची ओळख इंग्रजी वाचकांना करून दिली.

२६ नोव्हेंबर १९९० रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज त्यांची आठवण कुठे आहे?

दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या परम योद्धा स्थळी परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना त्यांची नावे देण्यात आली. त्यांच्या कथा पाठ्यपुस्तकांत आहेत, चित्रकथांत आहेत, चित्रपटांत आहेत. त्या तशा असायलाच हव्यात.

पदक साकारणारीच्या वाट्याला मात्र सामान्यज्ञानातली ती एक ओळच आली. देशाची चिन्हे घडवणाऱ्यांच्या बाबतीत हे जगभर घडते. चिन्ह सर्वांचे होते आणि काढणाऱ्याचे नाव मागे पडते. तरी सावित्रीबाईंच्या आयुष्यात लक्षात ठेवण्यासारखे बरेच आहे. आपले कोण आणि परके कोण, याचा निकाल जन्माच्या दाखल्यावर लावायचा झाला, तर त्या आयुष्यभर परक्याच ठरल्या असत्या. स्वतंत्र भारताने तसे केले नाही. शौर्याचा सर्वोच्च मान कसा दिसावा, हे ठरवण्याचे काम त्याने न्यूशाटेलमध्ये जन्मलेल्या, मराठी बोलणाऱ्या एका बाईवर सोपवले.

१४ परमवीरांची पदके राष्ट्रपतींच्या हातून स्वीकारली ती त्यांच्या घरच्यांनी : कुणाच्या आईने, कुणाच्या वडिलांनी, कुणाच्या पत्नीने. कांस्याचे ते छोटे पदक हातात घेऊन पाहिले, की राजमुद्रेभोवती चार वज्रे दिसतात.